भुवईतली खाच

चाचा, तुमचे केस कोणी विंचरले नाहीत.

गुरुवारी दुपारी कसबा पेठेतल्या तुमच्या घरी बायकांमधून वाट काढत मी पुढे आले, तेव्हा पांढऱ्या कापडातून चेहरा तेवढा उघडा ठेवला होता आणि कपाळावरची ती बट नेहमीसारखी वाकडी पडली होती. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. तुम्हीच दिलेला काळा कंगवा तिथे असतो. चाचींनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "नाही गं प्रणाली. आमच्यात मयताचे केस विंचरत नाहीत." मी हात मागे घेतला. अठरा वर्षं परक्या मयतांचे भांग पाडलेत आणि स्वतः मात्र तसेच गेलात. आपल्या बाबतीत हे असंच होणार, हे तुम्हाला माहीत असणारच. मला कधी बोलला नाहीत. तुम्ही मला बऱ्याच गोष्टी बोलला नाहीत, आणि मी हे लिहितेय ते रडायला कमी आणि भांडायला जास्त.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. पाच वर्षं झाली त्याला. मी यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आलेली. आमच्या पाच जणांच्या कंपनीने एक काम अंगावर घेतलं होतं. हरवलेल्या माणसाचा फोटो घरच्यांनी आणायचा, आणि सरकारी रुग्णालयाच्या शवागारातल्या बेवारस मयतांच्या फोटोंमधून त्याच्याशी जुळणारे चेहरे संगणकाने शोधून क्रमाने लावून द्यायचे. ते मयतांचे फोटो काढणारे तुम्ही. पोलिसांचा फोन आला की स्टुडिओचं शटर ओढायचं, खांद्याला पिशवी लावायची आणि निघायचं. ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चक्रावले होते. रस्त्यावर, नदीपात्रात, रुळांवर सापडलेली माणसं इतकी नीटनेटकी कशी? प्रत्येकाचा चेहरा पुसलेला, भांग पाडलेला, जखमा गायब.

तुमच्या दुकानात पाटी होती, 'चेहरा आहे तसाच येईल. तक्रार वर करावी.' त्या पाटीखाली बसून तुम्ही कुठल्याशा मुलीच्या लग्नाच्या फोटोतली मुरमं संगणकावर एकेक करून काढत होतात. मी तावातावाने म्हटलं, "चाचा, मला मयताचा चेहरा जसा आहे तसा हवा."

"तुला हवा, की मशीनला?"

"मशीनला."

"मशीनची आई येणार आहे का ओळख पटवायला?"

मी तशीच उभी होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बस. उभ्याने भांडलं की पाय दुखतात."

मग एकदा तुमच्याबरोबर शवागारात आले आणि तुमची पिशवी पाहिली. कॅमेरा, पाण्याची बाटली, कापूस, पांढरी चादर आणि रविवार पेठेतून डझनाने आणलेले काळे कंगवे. आधी आहे तसा एक फोटो. मग ओल्या कापसाने चेहरा पुसायचा, केस ओले करायचे, नव्या कोऱ्या कंगव्याने भांग पाडायचा आणि दुसरा फोटो. तो कंगवा धुऊन त्याच माणसाच्या सामानाच्या पिशवीत टाकायचा. मी विचारलं, परत का नाही घेत? "एकाचा कंगवा दुसऱ्याला लावू नये," तुम्ही म्हणालात, "घरात शिकवलं नाही का?" एक कंगवा माझ्याही हातात ठेवलात. वाऱ्याने माझे केस विस्कटले होते आणि ते तुम्हाला बघवत नव्हते.

पण कंगव्यावरून आपलं भांडण नव्हतं. भांडण होतं ते दुकानात परत आल्यावर तुम्ही संगणकावर जे करायचात त्यावरून. लग्नाच्या फोटोतले डाग काढून काढून तुमचा हात बसला होता, आणि त्याच हाताने तुम्ही फाटलेलं कपाळ सांधायचात, सुजलेला गाल उतरवायचात, काळे पडलेले ओठ जरा उजळायचात. आईला बघवलं पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, ही बनवाबनवी आहे. मग एक दिवस मी तुमचे दुरुस्त केलेले फोटो मशीनला घालून पाहिले आणि मशीन तितक्याच नीट ओळखायला लागलं. ते डोळ्यांमधलं अंतर, नाक, जबडा यांवरून चेहरा जुळवतं, असं मी तुम्हाला सोपं करून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे शिंपी आहे तुझं मशीन. मापं घेतं." जखम असली काय, नसली काय, मापं तीच येत होती. त्या दिवसापासून मी भांडण सोडून दिलं. तुमचं पटलं म्हणून नाही चाचा. माझं काही अडत नव्हतं म्हणून.

त्याच सुमारास मी ते बटण केलं. मार्केट यार्डातले एक हमाल भाऊ शोधायला यायचे. दर वेळी मशीन त्यांना सगळ्यात वर तोच एक मेलेला चेहरा दाखवायचं. तिसऱ्या वेळी ते खुर्ची मागे सारून उभेच राहिले. "हा न्हाय म्हनलं ना! किती येळा मारताय त्याला?" दुसऱ्याच दिवशी मी मशीनमध्ये 'नाही' असं बटण घातलं. घरच्यांनी एकदा नाही म्हटलं की तो फोटो त्या घराला पुन्हा कधी दिसणार नाही. तुम्ही खूश झालात. बन-मस्का मागवलात आणि म्हणालात, "पहिल्यांदा तुझ्या शिंप्याला माणुसकी सुचली." मला ते वाक्य किती दिवस पुरलं म्हणून सांगू. तुम्ही कौतुक फार जपून करायचात.

आणि मग मंगलाताई आल्या.

कर्वेनगरच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एकुलता एक मुलगा, ओंकार, चोविसाव्या वर्षी भांडून घराबाहेर पडला. मित्राकडे बंगळूरला गेला असेल, राग उतरला की येईल, या आशेवर त्यांनी महिनाभर तक्रारही दिली नव्हती. माझ्यापर्यंत येईपर्यंत दीड महिना झाला होता. मी ओंकारचा फोटो मशीनला दिला आणि एका क्षणात सगळ्यात वर तुम्ही काढलेला एक फोटो आला. नदीपात्रात सापडलेला तरुण मुलगा, डावीकडे भांग, शांत चेहरा. अंत्यसंस्कार होऊन गेले होते. उरला होता तो फोटो आणि सामानाची एक पिशवी. इतकं वरचं जुळणं मी क्वचितच पाहिलं होतं. मी मनात म्हटलं, हाच तो.

मंगलाताईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला. पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला होता. मग त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "हा नाही. माझ्या ओंकारच्या डाव्या भुवईत खाच आहे. लहानपणी ओट्याच्या कोपऱ्यावर आपटला होता. याची भुवई अख्खी आहे." पिशवीतली माती लागलेली जीन्स त्यांनी हाताने चाचपली, असल्या पँटा शंभर जण घालतात म्हणाल्या. मग कंगवा उचलला. "आणि हा तर शक्यच नाही. ओंकार आणि कंगवा? त्याचे ते कायम विस्कटलेले केस बघितले असते तर लगेच कळलं असतं पोलिसांना." त्या जवळजवळ हसल्या. मीही हसले असेन; कंगवा तुमचा आहे, हे सांगायचंही मला सुचलं नाही. भुवई खरंच अख्खी होती, डोळ्यांसमोर होती. रोज दुरुस्त केलेले फोटो हाताळणारी मी, मला एकदाही वाटलं नाही की मूळ फोटो मागवावा. मी 'नाही' दाबलं. का नाही, ते लिहायला मी तिथे जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर त्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत राहिल्या. दर वेळी ओंकारचा एक नवा फोटो शोधून आणायच्या. याच्यात उजेड चांगला आहे, याच्यात समोर बघतोय. मी तो मशीनला द्यायचे. मशीन इमानेइतबारे शोधायचं आणि खरं उत्तर बाजूला ठेवून बाकीचे चेहरे दाखवायचं, कारण मीच त्याला तसं शिकवलं होतं. तुम्ही त्या मुलाच्या चेहऱ्यावर दया केलीत, मी त्याच्या आईवर दया केली, आणि आपल्या दोघांच्या दयेत ती बाई दीड वर्ष अडकून राहिली.

तुम्हाला कधी कळलं, तो दिवस आता मला नीट आठवतो. आपण तांबट आळीच्या तोंडाशी अमृततुल्यात बसलो होतो. मी सहज बोलता बोलता म्हटलं, "त्या कर्वेनगरच्या मावशी आज पुन्हा आल्या होत्या. पहिल्यांदा इतका चांगला जुळला होता चेहरा. पण त्यांना भुवईत खाच हवी." तुमचा कप ओठांपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. "कुठल्या भुवईत?" तुम्ही विचारलंत. "डाव्या." तुम्ही उठलात. अर्धा चहा तसाच. तुम्ही चहा टाकणारे नव्हेत, तरी मी काही विचारलं नाही. मला मीटिंग होती.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "तो नदीपात्रातला फोटो त्या बाईंना परत दाखवता येईल का गं?" मी म्हटलं, "नाही चाचा. त्यांचा नकार नोंदवलाय. आता तो त्यांना निघत नाही." तुम्ही म्हणालात, "बरं." मी फोन ठेवला. का विचारताय, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मशीन मी बनवलेलं, बटण मी घातलेलं, एका मिनिटात तो नकार काढता आला असता. पण कामात होते, आणि 'निघत नाही' म्हणणं सोपं होतं.

पण तुम्ही तरी! एरवी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारे तुम्ही, की तुमचा चेहरा मुळातच असा आहे, कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तुम्हाला माझ्याशी बोलायला काय झालं होतं? त्यानंतर आपण चार वेळा तरी भेटलो. तुम्ही नातवाच्या शाळेबद्दल बोललात, गुडघ्याबद्दल बोललात. मला वाटलं, थकलात. मग बुधवारी संध्याकाळी कोणाचे तरी पासपोर्टचे फोटो कापता कापता खुर्चीतच मान टाकलीत. कात्री बोटांतच होती, असं शेजारचे तांबट सांगत होते.

काल चाचींनी मला बोलावून एक खोका दिला. "हे तुझ्या कामाचं आहे, असं म्हणायचे," त्या म्हणाल्या. आत प्रत्येक मयताच्या मूळ फोटोंचं कार्ड वेगळ्या पाकिटात, आणि प्रत्येक पाकिटात तुमच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी, आपण काय काय बदललं त्याची. 'गालावरची सूज उतरवली.' 'ओठ मिटवले.' 'डोळ्यांचं काही करता आलं नाही, माफी.' अठरा वर्षांच्या चिठ्ठ्या. तुम्ही एकही जखम लपवून ठेवली नव्हती चाचा, सगळी लिहून ठेवली होती. मी पाच वर्षांत मूळ फोटो एकदाही मागितले नाहीत, आणि मागितल्याशिवाय देण्याचा तुमचा स्वभाव नव्हता.

नदीपात्रातल्या मुलाचं पाकीट मी जमिनीवर बसूनच उघडलं. 'कपाळापासून डावी भुवई फाटलेली. उजवी भुवई उलटी करून डावीकडे बसवली.' लग्नाच्या फोटोंत तुम्ही हे नेहमी करायचात, एक भुवई विरळ असली की दुसरी उचलून बसवायची. त्याखाली वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या. 'खाच जुनी होती. मला जखमेतली वाटली. प्रणालीला सांगणे.'

प्रणालीला सांगणे. चाचा, मला तुमचा इतका राग आला की ती चिठ्ठी मी चुरगळली. मग परत सरळ केली. तुम्हाला लाज वाटत होती, हे त्या अक्षरात दिसत होतं. अठरा वर्षं ज्या आयांसाठी हे केलं, त्यातल्या एकीला आपणच फसवलं, हे कबूल करायचं, तेही जिने तोंडावर 'बनवाबनवी' म्हटलं होतं तिच्यापुढे. तुम्ही शब्द जुळवत असाल. मी असते तर मलाही वेळ लागला असता. मला लागलाच की. मूळ फोटो तुमच्याकडे आहेत हे ठाऊक असून दीड वर्ष मी तुमच्या दारात ते मागायला आले नाही.

आज सकाळी मी तो नकार काढून टाकला आणि ओंकारचा फोटो पुन्हा मशीनला दिला. पहिल्याच जागी तो आला. मी लॅपटॉप उचलला आणि कर्वेनगरला गेले.

दाराला लॅच नुसतंच टेकवलेलं होतं. दिवसा ते तसंच असतं, किल्ली घेऊन गेला नाहीये तो, असं मंगलाताईंनी मला मागे एकदा सांगितलं होतं. मला पाहून त्या म्हणाल्या, "आज सोमवार नाही." मग बाजूला झाल्या. "बसा. पाणी हवं असेल तर सांगा, नुसतं पुढे करून परत न्यायला नको."

मी म्हटलं, "मावशी, मी एक फोटो आणलाय. तुम्ही आधी पाहिलेलाच आहे. तेव्हा त्यातली जखम काढलेली होती. यात आहे."

"मग तेव्हा दाखवलात तो काय होता?"

"दुरुस्त केलेला."

"दुरुस्त," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला.

तुमचा दुसरा फोटो होता तो, चेहरा पुसल्यानंतरचा, संगणकावर हात लावण्याआधीचा. कपाळावरून जखम खाली उतरली होती आणि तिच्या शेजारी, जराशी बाहेरच्या बाजूला, भुवईत ती जुनी पांढरी खाच होती. नीट पाहिलं तर वेगळी कळत होती. मंगलाताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. "ओट्याचा कोपरा," त्या म्हणाल्या. "तीन टाके घातले होते. टाके घालताना हा डॉक्टरांना चावला होता."

मग मी सगळं सांगितलं. तुम्ही बसवलेली भुवई, माझं बटण, तुमची चिठ्ठी, मी ठेवलेला फोन. काही वगळलं नाही आणि तुमच्यावर ढकललंही नाही. शवागाराने रक्ताचा नमुना ठेवलाय, खात्री करून घेता येईल, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. नजर फोटोवरून हलली नव्हती. मी माफी मागितली तेव्हा हात वर करून म्हणाल्या, "तुमचं मी नंतर बघते. आज नाही."

मग त्यांनी विचारलं, "याचे केस कोणी विंचरले?"

मी तुमचं नाव सांगितलं. कसब्यातले रशीदचाचा. प्रत्येकाला नवा कंगवा घेतात आणि तो त्याच्याच पिशवीत ठेवतात. 'घेतात' म्हणाले मी, 'घ्यायचे' म्हणायला हवं होतं.

"पिशवीतला तो कंगवा त्यांचा?"

"हो."

"भेटायचंय मला त्यांना."

"ते बुधवारी..." त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. केसांवरून, त्या डाव्या भांगावरून, बोट हळूच फिरवलं.

"त्या दिवशी यावरूनच झालं आमचं," त्या म्हणाल्या. "दहावीपासून मागे लागले होते. म्हटलं, मुलाखतीला निघालास, निदान कंगवा तरी लाव. तर दार आपटून गेला." त्यांनी चष्मा काढला. "विंचरले एकदाचे."